धुक्यातला बिशप

बिशप हे माणसाचं नाव नव्हतं. फोंतेनब्लोच्या अरण्यात, व्हेर्नो गावाच्या वरच्या अंगाला जी खडकाळ जागा आहे, तिथे एक ओक उभा होता, त्याचं हे नाव. कधीकाळी वीज पडून त्याचा शेंडा मधोमध फाटला होता आणि दोन्ही फाका वर जाऊन टोकाशी पुन्हा जवळ आल्या होत्या. खालून बघणाऱ्याला ती धर्मगुरूची उंच टोपीच वाटायची. गावातली माणसं त्याच्याजवळून जाताना स्वतःच्या टोपीला हात लावायची, निम्मी थट्टेनं, निम्मी खरोखर.

सिदोनी मोर्वा त्या झाडाखालीच वाढली होती. तिचे वडील अरण्याचे रखवालदार. आई लवकर गेली, म्हणून पोरगी बापाच्या मागं मागं रानात. पुढं पलटणीतल्या एका डॉक्टराशी तिचं लग्न झालं, वीस वर्षं ती छावण्यांच्या गावांतून फिरली, आणि नवरा वारल्यावर पंचेचाळिशीत व्हेर्नोला बापाच्या घरात परत आली. बरोबर पेरीन नावाची जुनी स्वयंपाकीण आणि तीन मोठ्या पेट्या. गावाला वाटलं, पेट्यांत चांदीची भांडी असणार. उघडल्या तर आतून निघाला एक कॅमेरा, लहान मुलाच्या शवपेटीएवढा, आणि बाटल्याच बाटल्या.

नवऱ्याच्या आजारपणात पॅरिसला राहावं लागलं, तेव्हा तिनं ही विद्या एका छायाचित्रकाराकडून शिकून घेतली होती. त्या काळात तिथं गल्लोगल्ली चेहरे काढून देणारी दुकानं निघाली होती. सिदोनीला चेहऱ्यांत रस नव्हता. तिला रान काढायचं होतं, आणि रानात पहिला बिशप.

हे तिनं गावात बोलून दाखवलं आणि तिथंच फसली. व्हेर्नोत दर उन्हाळ्याला चित्रकारांची झुंबड यायची. गास्पार तिव्हेल हा त्यांतला मुकादम. छातीपर्यंत दाढी, आवाज घंटेसारखा, बारा महिने मुक्काम खाणावळीतच. त्यानं बिशपची इतकी चित्रं काढली होती की झाड आपल्याच मालकीचं आहे असं त्याला वाटायला लागलं होतं.

"मादाम," एकदा तो भर जेवणात म्हणाला, "झाड म्हणजे काही सावकार नव्हे. त्याला खुर्चीत बसवून मानेमागं चिमटा लावता येत नाही. हलू नका महाशय, असं तुम्ही वाऱ्याला सांगणार आहात का?"

सगळे हसले. सिदोनीनं सुरीनं चीजचा तुकडा सरळ कापला. "वाऱ्याला सांगणार नाही. वारा दमेपर्यंत थांबणार आहे."

"मग आमच्या नातवंडांना दाखवा."

"तुमच्या नातवंडांना दाखवायला आधी तुम्हाला कुणीतरी पोरगी द्यायला हवी होती," पेरीन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ती खाणावळवालीकडून अंडी न्यायला आली होती. हशा फिरला तो तिव्हेलवर.

पण उन्हाळाभर खरं ठरलं ते तिव्हेलचंच. सिदोनी आणि पेरीन रोज सकाळी हातगाडी ढकलत खडकाळीवर जायच्या. काळ्या कापडाचा तंबू उभारायचा, आत कोंडून घेऊन काचेवर चिकट रसायन ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायची. भिंगावरचं झाकण काढलं की पेरीन जपमाळ ओढायला लागायची. घड्याळाचा काटा झाडाखालच्या अंधुक उजेडात सिदोनीला धड दिसत नसे, आणि पेरीनची प्रार्थना कोणत्याही घड्याळापेक्षा एकसारखी चालायची. उन्हात दोन मणी पुरायचे, सावलीत दहा. तेवढ्यात वारा यायचा. वारा नाही आला तर खारोटी यायची. आणि सगळं जमून आलं तरी काच धुतल्यावर हाती यायचा तो काळा ढग. हिरवा रंग काचेला जणू दिसतच नव्हता. पानं काजळीसारखी, आभाळ खडूसारखं, आणि मध्ये कुठंतरी बिशप बुडालेला.

तिव्हेलनं एक काच हातात घेऊन उजेडाकडं धरली. "वा! कुणाच्या चुलीचा धूर म्हणायचा हा?"

सिदोनीनं हात पुढं केला. नाकावर माशी न बसू देणारी बाई ती. काच काढून घेतली, ताट पुसावं तशी फडक्यानं पुसली आणि पेटीत ठेवली. घरी जाऊन मात्र तिनं पेरीनला मीठ कमी पडल्याबद्दल इतकं बोलून घेतलं, की पेरीन म्हणाली, "मादाम, रस्सा बरोबर आहे. तुमची काच बिघडलीय."

हेमंतात बातमी आली. खडकाळीचा तो सगळा पट्टा साफ करून तिथं पाइन लावायचं ठरलं होतं. बिशप म्हातारा, आतून पोकळ, म्हणून तोही जाणार. एका सकाळी सिदोनीनं बघितलं तर खोडाच्या बुंध्याशी हातभर साल तासलेली आणि त्या ओल्या पांढऱ्या लाकडावर हातोड्याचा शिक्का, तोडायच्या झाडावर मारतात तो. तिव्हेलनं खाणावळीत मूठ आपटली, पेले उडाले, सगळ्या चित्रकारांनी मिळून खूप आरडाओरडा केला. तेवढ्यानं शिक्का काही पुसला गेला नाही.

सिदोनी ओरडली नाही. तिनं त्या रात्री जेवताना पेरीनला सांगितलं, "काच बंद. आता कागद."

"ते मेणाचं प्रकरण? ते तर तुमच्या गुरूनंसुद्धा सोडून दिलं होतं."

"त्यानं सोडलं असेल. मी शिकलेय."

कागदाची रीत जुनी. पातळ कागद मेणात भिजवायचा, इस्त्री फिरवून काचेसारखा पारदर्शक करायचा, मग रसायनात, मग चांदीच्या पाण्यात, आणि वाळवून ठेवायचा. तो दोनचार दिवस चालतो, रानात तंबू न्यावा लागत नाही. पण तो संथ. काचेला जिथं दोन मणी लागतात तिथं याला अख्खी माळ लागते. शिवाय कागदाचे धागे चित्रात उतरतात, कडा मऊ पडतात, म्हणून पॅरिसमध्ये आता त्याला कुणी हात लावत नव्हतं. सगळ्यांना काचेचा लखलखीतपणा हवा होता. सिदोनीनं मात्र उन्हाळाभर बिशपकडं बघून मनाशी काहीतरी ठरवलं होतं. बिशप लखलखीत नव्हता. त्याच्या सालीला लोकरीच्या घोंगडीसारखा पोत होता. आणि पानं नसली म्हणजे हिरव्याची कटकट नाही, धुकं असलं म्हणजे वारा नाही. तिला एकच सकाळ हवी होती, हिवाळ्यातली.

पेरीनच्या स्वयंपाकघरात दोन महिने मेणाचा वास भरून राहिला. पेरीन म्हणायची, "आता सूपसुद्धा चर्चमधल्या मेणबत्तीसारखं लागतं."

ती सकाळ जानेवारीत आली. सिदोनीनं खिडकी उघडली तर शेजारच्या धुराड्यातला धूर दोरी टांगल्यासारखा सरळ वर जात होता आणि थोड्या उंचीवर धुक्यात मिसळून जात होता. कुंपणाच्या काटक्यांवर हिम साखरेसारखं बसलेलं. तिनं कॉफी अर्धी टाकली. "पेरीन, उठ! गाडी काढ!"

खडकाळीवर पोचायच्या आधीच तिला आवाज आला. दगडावर पातं घासल्याचा. तिनं गाडी जोरात ढकलली.

बिशपखाली लाकूडतोड्यांची टोळी जमली होती. सातआठ जण, अंगात जाड निळे डगले, पायात लाकडी जोडे. मुकादम मातुरँ गुलार कुऱ्हाडीला धार लावत होता. साठीचा माणूस, पण खांदे असे की दारातून तिरका होऊन आत यावा. थोडा बाजूला तिव्हेल उभा होता. काखेत चित्राची घडवंची, पण उघडलेली नव्हती. त्या धुक्यात त्याला रंग कुठले दिसणार? तो फक्त झाडाला निरोप द्यायला आला होता.

"सरका मादाम," मातुरँ मान वर न करता म्हणाला. "झाड पडताना कुणाला विचारत नाही."

"मातुरँ, मला थोडा वेळ हवाय."

"किती थोडा?"

उत्तर पेरीननं दिलं, "एक माळ. अख्खी."

"अख्खी माळ?" क्लोव्हीस नावाचा लाल केसांचा गडी ओरडला. "माझ्या लग्नातसुद्धा पाद्री एवढा बोलला नव्हता!"

"म्हणून तर तुझ्या बायकोला अजून पटलेलं नाही की लग्न लागलंय," पेरीन म्हणाली.

टोळी हसली. मातुरँ हसला नाही. त्यानं धारेवर अंगठा फिरवला आणि पहिल्यांदा सिदोनीकडं नीट बघितलं.

"तुमच्या वडिलांनी मला थोडा वेळ दिला होता का? एक ससा मारला होता, मादाम. एकच. घरात बायको दिवस भरलेली. म्हातारा म्हणाला, नियम म्हणजे नियम. महिनाभर आत होतो मी. माझा थोरला जन्मला तेव्हा भिंतीकडं बघत बसलो होतो."

सिदोनीला ही गोष्ट ठाऊक होती. वडिलांनी त्या रात्री जेवण केलं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. पण ते सांगून काय उपयोग. ती म्हणाली, "बाबांनी नियमानं केलं. त्यांच्या वतीनं मी माफी मागणार नाही, आणि मागितली तर तुम्हालाही ती खोटी वाटेल."

"वाटेल," मातुरँ म्हणाला.

"मग ते राहू द्या. मी दुसरं विचारते." ती वळली. "तिव्हेल महाशय, या झाडाची चित्रं तुम्ही किती काढलीत?"

"मोजली कुणी?"

"त्यांत गाई आहेत?"

"आहेत की. दोन पांढऱ्या, एक तांबडी."

"मेंढपाळीण?"

"असते कधी कधी."

"आणि लाकूडतोड्या?"

तिव्हेलनं दाढीत बोटं घातली. "त्याचं असं आहे मादाम... कुऱ्हाड चित्रात शोभत नाही. घेणाऱ्याला वाईट वाटतं."

मातुरँ सावकाश उभा राहिला. "शोभत नाही?"

"म्हणजे माझ्या मनात तसं..."

"चाळीस वर्षं मी या रानात आहे. माझा बाप इथंच झाडाखाली सापडून मेला. यांच्या खोलीतली शेगडी आम्ही तोडलेल्या लाकडावर पेटते, हे बसतात ती खुर्ची, खातात तो पाव, सगळं त्याच लाकडावर. आणि गाय शोभते?" त्यानं थुंकण्यासाठी तोंड वळवलं, पण बिशप समोर होता म्हणून की काय, थुंकला नाही. मग सिदोनीला विचारलं, "तुमच्या पेटीत आम्ही शोभू?"

"तुमच्याशिवाय काढणारच नाही. पण हलायचं नाही. पापणी मिटली तर चालेल. मान हलली तर माणूस गेला."

"गेला म्हणजे?"

"चित्रात राहणार नाही. धूर होईल त्याचा."

मातुरँनं आपल्या माणसांकडं बघितलं. "ऐकलंत? जो हलेल त्याचा धूर. आणि ज्याचा धूर होईल तो संध्याकाळी सगळ्यांना पाजेल."

मग जी धावपळ झाली तिला तोड नव्हती. कुणी डगल्याची बटणं लावली, कुणी थुंकी लावून केस बसवले. क्लोव्हीसनं दोनदा नाक शिंकरून घेतलं, पुन्हा नंतर भानगड नको म्हणून. एकजण म्हणाला, कुऱ्हाड खांद्यावर घेऊ का? मातुरँ म्हणाला, "खांद्यावर घेशील तर दुसऱ्या मण्याला हात थरथरेल. खाली टेकव, दांड्यावर हात ठेव, आणि खुंटासारखा उभा राहा." सगळे तसेच उभे राहिले, बिशपच्या मुळांमधल्या खळग्यांत पाय घट्ट रोवून. पाठीमागं ते खोड, भिंतीसारखं.

"तुम्हीही या, महाशय," मातुरँ तिव्हेलला म्हणाला. आवाजात खवचटपणा होता, पण नुसता खवचटपणा नव्हता. "झाड तुमचंही आहे थोडं."

तिव्हेल घडवंची खाली ठेवून गेला आणि टोकाला उभा राहिला.

सिदोनी काळ्या कापडाखाली शिरली. घासलेल्या काचेवर सगळं उलटं दिसत होतं. डोकी खाली, मुळं वर, आणि बिशपची टोपी खालच्या धुक्यात विरघळलेली. मागची झाडं एकामागं एक फिकट होत गेलेली, शेवटचं तर श्वासाच्या वाफेएवढंच. तिनं मेणकागदाची चौकट घातली, पडदा ओढला.

"हं, पेरीन."

झाकण निघालं. पेरीननं क्रूसाची खूण केली आणि सुरुवात केली.

आणि एक गोष्ट घडली, जिचा सिदोनीनं विचारही केला नव्हता. प्रार्थनेचा पहिला शब्द कानावर पडताच त्या गड्यांचे खांदे खाली आले, चेहरे निवले. लहानपणापासून ज्या आवाजासमोर ते चर्चच्या बाकांपाशी गप्प उभे राहत आले होते, तोच आवाज. हलायचं नाही हे त्यांना आता कुणी सांगायची गरज उरली नाही. मातुरँची नजर समोर, कुठंतरी लांब. क्लोव्हीसच्या मिशांवर वाफ गोठत होती. रानात पेरीनच्या आवाजाखेरीज काही नव्हतं. एक कावळा आला, वरच्या फांदीवर बसला, तिथून थोडं हिम खाली भुरभुरलं आणि एका गड्याच्या मानेत गेलं. त्याचे डोळे मोठे झाले. मान हलली नाही.

सिदोनी कॅमेऱ्याशेजारी उभी होती, तीही न हलता. तिनं पॅरिसला कितीतरी जणांना चेहरे काढवून घेताना बघितलं होतं. सेनापती, व्यापारी, त्यांच्या बायका. चिमटा लावूनही ते चुळबुळत. आणि इथं ही माणसं, थंडीत, पोटात काही नसताना, एका म्हातारीच्या आवाजावर दगडासारखी उभी. तिला एकदम वाटलं, हे रान माझं आहे, आणि ही माझ्या रानातली माणसं आहेत. छाती भरून आली तसा तिनं श्वास अलगद सोडला. तिच्याच वाफेनं भिंग धुरकटायला नको.

पेरीनला खोकल्याची ढास येऊ लागली तशी तिची प्रार्थना पळायला लागली.

"घाई नको," सिदोनी कुजबुजली.

पेरीननं आवंढा गिळला आणि शेवटचे मणी इतके सावकाश ओढले, की देवालासुद्धा प्रत्येक शब्द वेगळा ऐकू गेला असेल. झाकण बसलं.

"झालं."

तरी थोडा वेळ कुणी हललं नाही. मग क्लोव्हीस शिंकला, इतक्या जोरानं की कावळा उडाला, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

सिदोनी घरी गेली नाही. चौकट घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेऊन ती एका खडकावर बसली. मातुरँनं टोपी काढली, झाडाकडं बघून काहीतरी पुटपुटला आणि पहिला घाव घातला. दुपारपर्यंत काम चाललं. बिशप पडला तेव्हा आवाज आला तो कानात नव्हे, पायांत. शेंड्याच्या दोन्ही फाका जमिनीवर आपटून वेगवेगळ्या झाल्या. तिव्हेल दाढीत तोंड घालून उघड रडला. सिदोनी रडली नाही. तिच्या मांडीवरच्या कागदात काय आहे हे अजून कुणालाच माहीत नव्हतं, आणि तोवर ती हात सैल सोडणार नव्हती.

घरी कोठीघराच्या खिडकीला पिवळं कापड लावलेलं होतं. तिनं कागद तबकातल्या रसायनात सोडला आणि वाट बघत बसली. कागदाचं असंच, घाई नाही. बराच वेळ काहीच नाही. मग कडेला एक करडी छटा, जणू कुणी आतून श्वास टाकला. आभाळ काळं होत आलं. काळ्या आभाळात पांढरा बिशप वर यायला लागला, आधी खोड, मग फांद्या, मग ती टोपी. काळ्याचं पांढरं झालेलं उलटं चित्र, पण सगळं तिथं होतं. मुळांशी पांढुरके ठिपके दिसले, एकापुढं एक. ती माणसं होती.

"पेरीन," ती दाराशी जाऊन म्हणाली. "पेरीन, उभे आहेत सगळे."

त्यानंतर खरं ऊन पडायला आठवडा लागला. ऊन पडलं तशी सिदोनीनं त्या उलट्या चित्राखाली रसायन लावलेला दुसरा कागद दाबून अंगणात ठेवला, आणि संध्याकाळी सुलट चित्र धुऊन हातात घेतलं. खोडाची साल बोट लावून चाचपावी अशी. हिम धरलेल्या काटक्या, त्यामागं फिकट झाडं, त्यामागं आणखी फिकट, आणि मग नुसता कागद, ज्यात आणखी झाडं असतील असं वाटत राहावं. मेणाच्या कागदाचे धागे धुक्यात असे मिसळले होते, की धुकं कुठं संपतं आणि कागद कुठं सुरू होतो ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं ते चित्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभं केलं, समोर बसली आणि स्वतःला पेलाभर वाइन ओतून घेतली. पेरीनलाही ओतली. घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

खाणावळीत ते चित्र हातोहात फिरलं. जो तो आपल्याला शोधत होता आणि सापडल्यावर शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर मारत होता. "हा मी! बघ, बटण दिसतंय!" क्लोव्हीसनं आपल्या बायकोला बोलावून आणलं. मातुरँनं चित्र लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाला, "माझ्या बापाचं तोंड कसं होतं ते मला आठवत नाही. माझ्या पोरांना ती अडचण येणार नाही."

मग कुणीतरी ओरडलं, "पण तिव्हेल महाशय कुठं आहेत?"

टोकाला एक जोडी बूट होते, कोट होता, दाढीचं खालचं टोक होतं. वर डोकं नव्हतं. नुसतं धुकं.

असा हशा पिकला की खाणावळवाली भांडी टाकून बाहेर आली. तिव्हेलही हसला, पण मग त्यानं चित्र दिव्याजवळ नेलं आणि बराच वेळ बघत राहिला. "मी वर बघत होतो," तो म्हणाला. "फांद्यांमधून उजेड उतरत होता, आणि मला राहवलं नाही. मादाम, हे मला दरसाल दिसायचं. काढायला बसलो की मी त्याला हिरवा करून टाकायचो." मग त्यानं टेबलावर मूठ आपटली. "ठरल्याप्रमाणं, आज सगळ्यांना माझ्याकडून!"

वसंतात पॅरिसला छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं. सिदोनीनं चित्र पाठवलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव घालून. परीक्षकांना ते आवडलं असावं, कारण घेतलं. फार आवडलं नसावं, कारण लावलं ते दाराजवळच्या कोपऱ्यात. पदक गेलं काचेवर काढलेल्या एका लोखंडी पुलाच्या चित्राला. सिदोनीनं ते पुलाचं चित्र नीट जवळून पाहिलं. चांगलं होतं. मग ती परत आपल्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली, आणि तिला जाणवलं की तिथल्या भिंतींवर आपलं चित्र सोडून दुसरं कुठलंच आपल्याला हवंसं वाटत नाही.

रविवारी दाराशी गलका झाला. लाकडी जोड्यांचा खडखडाट तिनं लांबूनच ओळखला.

"सामान आणणाऱ्यांचं दार मागच्या बाजूला आहे," दारवान सांगत होता.

"आम्ही सामान आणलेलं नाही," मातुरँचा आवाज आला. "आम्ही आत टांगलेलो आहोत. आम्हाला बघायला आलोय."

दारवानाला काही उमगेना. सिदोनी पुढं झाली. "सोडा त्यांना आत. माझ्या चित्रातली माणसं आहेत."

ते आत आले, धुतलेले डगले, टोप्या हातात. पाठोपाठ तिव्हेल, त्याच्या मागं सणाचा झगा घातलेली पेरीन. चित्रासमोर ते ओळीनं उभे राहिले, चित्रात होते तसेच. दालनातली उंची कपड्यांतली माणसं थबकून बघायला लागली. एका गृहस्थानं काठीनं चित्राकडं खूण केली. "झाड अप्रतिम! आणि खाली ही खुंटं काय सुरेख आलीत."

"खुंटं नव्हेत," मातुरँ म्हणाला. "हा मी. हा क्लोव्हीस. आणि ज्यांचं डोकं धुक्यात राहिलं ते हे महाशय."

तिव्हेलनं खाली वाकून अभिवादन केलं. गृहस्थ चित्राकडून माणसांकडं, माणसांकडून चित्राकडं बघू लागला, मग त्याची बायको, मग आणखी कुणी. कोपऱ्यात गर्दी झाली. एका बाईंनी दांडीचा चष्मा डोळ्यांना लावून सिदोनीला विचारलं, "हे धुकं तुम्ही कसं आणलंत?"

"आणलं नाही. ते आलं होतं. आम्ही फक्त वेळेवर पोचलो."

"आणि तुम्ही कोण?"

सिदोनी उत्तर द्यायच्या आत मातुरँच बोलला. "ती आमच्या रखवालदाराची मुलगी," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. इतक्या वर्षांत त्या माणसाचं नाव घेताना त्याच्या आवाजात पहिल्यांदाच खडा नव्हता. सिदोनीनं त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर डोळ्यांतलं पाणी त्याला दिसलं असतं, आणि ते दोघांनाही आवडलं नसतं. तिनं मान जराशी उंच केली आणि त्या बाईंना आपलं नाव सांगितलं.

परतीच्या गाडीत त्यांनी पाव, सॉसेज आणि वाइनची बाटली फिरवली. कोण सगळ्यांत स्थिर उभं होतं यावर वाद पेटला. पेरीनचं म्हणणं, सगळ्यांत स्थिर आपली जीभ होती, आणि ते कुणी चित्रात दाखवत नाही. मातुरँ खिडकीबाहेर बघत होता. शेतं मागं पळत होती आणि पुढं रानाची काळी रेघ दिसायला लागली होती.

"लांडगेघळीत बीचची झाडं आहेत," तो अचानक म्हणाला. "राखाडी. एकाला एक बिलगून उभी. पालवी फुटायला अजून आठदहा दिवस आहेत. तिथं वारा उतरत नाही."

"तीही पाडायची आहेत?" सिदोनीनं विचारलं.

"नाही. ती राहणार आहेत. म्हटलं, एखादं चित्र न पडणाऱ्या झाडाचंही असावं."

सिदोनीनं मनातल्या मनात घरातले कागद मोजले. "मग उद्याच मेण वितळवायला घ्यावं लागेल."

"झालं!" पेरीन म्हणाली, आणि बाटली क्लोव्हीसच्या हातून ओढून घेतली. "आता पुन्हा महिनाभर मेणबत्त्यांचं सूप."

"आम्हीही येऊ," क्लोव्हीस म्हणाला. "बीचखाली कसे दिसतो ते बघायला हवं."

"तू येशील," मातुरँ म्हणाला, "पण आधी नाक शिंकरून ये."

गाडीनं शिट्टी दिली आणि रान दोन्ही बाजूंनी जवळ आलं.